जुन्याच पर्सनल स्टेटमेंटवर दुसरा अर्ज करावा का? संभाजीनगरच्या एका सल्लासेवेचा अनुभव

लातूरमध्ये ‘रिपीटर’ म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बारावीनंतर नीटसाठी आणखी एक वर्ष देणारी मुले येथे गल्लोगल्ली भेटतात, आणि त्यांचे काम अवघड असले तरी स्पष्ट असते: अभ्यासक्रम तोच, पुस्तके तीच, फक्त या वेळी चुका कमी करायच्या. माझ्या मुलीने ब्रिटनमधील वैद्यकीय पदवीसाठी दुसऱ्यांदा अर्ज करायचे ठरवले तेव्हा आम्ही घरात हाच हिशोब लावला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाठवलेले पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जासोबत स्वतःविषयी लिहायचे निवेदन, तयारच आहे, त्याची भाषा थोडी घासूनपुसून घ्यावी आणि बाकीचा सगळा वेळ यूकॅट या प्रवेशपरीक्षेला द्यावा, कारण तिचे गुण त्या वर्षापुरतेच धरले जातात आणि पुन्हा अर्ज करणाऱ्याला ती नव्याने द्यावी लागते. हा हिशोब चुकला होता, हे ज्या सल्लासेवेमुळे आमच्या लक्षात आले तिच्याविषयी हे लिहीत आहे.

त्याआधी आम्ही एका ऑनलाइन कंपनीला अठरा हजार रुपये दिले होते, हेही सांगितले पाहिजे. ब्रिटनची मध्यवर्ती प्रवेशसंस्था यूकास हिने २०२६ च्या प्रवेशापासून निवेदनाचा साचाच बदलला आहे. पूर्वी एकसलग मजकूर लिहायचा असे; आता तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात. हाच विषय का शिकायचा आहे, आतापर्यंतच्या शिक्षणाने त्यासाठी तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केले व ते उपयोगी का आहे, असे ते प्रश्न आहेत. मोकळ्या जागा धरून एकूण मर्यादा पूर्वीप्रमाणेच ४,००० अक्षरांची असून प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे असावे लागते. त्या कंपनीने जुन्या मजकुराचे तीन तुकडे केले, काही विशेषणे बदलली आणि फाइल परत पाठवली. वाचताना कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले आहे तेच कळत नव्हते.

ऑगस्टमध्ये एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून आम्ही छत्रपती संभाजीनगरला निराला बाजार परिसरात राहणाऱ्या, इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापिका असलेल्या एका मॅडमकडे गेलो. त्या वर्षाला मोजकेच विद्यार्थी घेतात आणि नाव कोठे छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, ती मी पाळत आहे. चार बैठकांचे सहा हजार रुपये होतात.

पहिल्या बैठकीत त्यांनी जुने निवेदन वाचून काढले आणि मुलीला विचारले, “बाळ, भूकंपात तू काय केलेस?” निवेदनाची सुरुवात ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने होती, कारण माझ्या सासूबाई औसा तालुक्यातल्या, आणि त्या पहाटेच्या आठवणी आमच्या घरात आजही निघतात. मुलगी म्हणाली, “मॅडम, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.” मॅडम म्हणाल्या, “मग ही आजीची गोष्ट आहे. तुझी सांग.” मला ते तेव्हा लागले. तो परिच्छेद मीच सुचवला होता आणि मला तो फार आवडत असे.

नंतर त्यांनी जुना कागद पाकिटात घालून चिकटवला आणि तिन्ही प्रश्नांची उत्तरे जुन्या मजकुराकडे न पाहता लिहून आणायला सांगितली. दुसऱ्या बैठकीत पाकीट उघडून दोन्ही मजकूर शेजारी ठेवले. जे न पाहताही पुन्हा लिहावेसे वाटले ते तिचे स्वतःचे, म्हणून ते राहू द्यायचे. जे आठवलेच नाही ते सोडायचे, असा त्यांचा नियम होता. अख्ख्या जुन्या निवेदनातली दोन वाक्ये टिकली. दोन्ही तिच्या आजोबांचा रक्तदाब रोज मोजून वहीत लिहिण्याविषयी होती.

नव्या मजकुराचा गाभा मधल्या महिन्यांतून आला. परीक्षा संपल्यावर, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या परवानगीने, ती एका प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊ लागली होती. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तेथे गरोदर बायांची तपासणी होते. रांग लावणे आणि वजनाच्या नोंदी वाचून दाखवणे एवढेच तिचे काम. ऊसतोडीहून परतलेल्या एका बाईच्या माता-बाल संरक्षण कार्डावर नोव्हेंबर ते एप्रिल सगळे रकाने कोरे होते, हे तिने पाहिले. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते म्हणून घाबरून काही बाया त्या अर्ध्यावर सोडतात, हे तिला आशाताईंकडून कळले, आणि तसे होणे साहजिक आहे एवढे आधीच सांगितले तर गोळ्या चालू राहतात हेही. आम्हाला घरात हे सगळे किरकोळ वाटत होते, पण पहिल्या अर्जानंतर काय शिकलीस या मॅडमच्या प्रश्नाचे तिच्याजवळ हेच खरे उत्तर होते. गावाचे नाव आणि त्या बाईची ओळख पटेल असे सर्व तपशील मॅडमनी काढायला लावले, याचे मला विशेष वाटते.

मॅडम स्वतः एकही वाक्य लिहून देत नाहीत. समासात फक्त प्रश्न लिहितात. निवेदन कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेऊन ते स्वतःचे म्हणून देणे यूकास फसवणूक मानू शकते, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते.

उणिवाही आहेत. शेरे हस्ताक्षरात असतात आणि ते लागायला वेळ जातो. एक बैठक दहा दिवस पुढे गेली, तेव्हा लातूरहून रात्रीची एसटी धरून केलेला प्रवास वाया गेला. विद्यापीठे निवडण्याबाबत त्या काहीच सांगत नाहीत, आणि वैद्यकीय शाखेसाठी चारच पर्याय भरता येत असल्यामुळे ती निवड फार महत्त्वाची ठरते. काही विद्यापीठे निवेदनाला गुणच देत नाहीत, यूकॅट आणि शालेय गुणांवरच मुलाखतीला बोलावतात. काही पुन्हा अर्ज करणाऱ्यांना वेगळे नियम लावतात. ही माहिती आम्हाला एकेका विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून स्वतः काढावी लागली.

मागच्या वर्षी मुलाखतीचे एकही बोलावणे आले नव्हते; या वेळी दोन आली. यूकॅटमध्येही ती बरीच पुढे गेली होती, त्यामुळे सगळे श्रेय निवेदनाला देणे बरोबर होणार नाही. मात्र मुलाखतीच्या तयारीत निवेदनातल्या कोणत्याही ओळीवर विचारले तरी ती न अडखळता बोलत होती. मागच्या वर्षी भूकंपाविषयी विचारले की गप्प होत असे.

सहा हजारांच्या मानाने ही सेवा मला फार मोलाची वाटली. जाणाऱ्यांनी जुने निवेदन छापून न्यावे आणि ऑगस्टच्या आत जावे, कारण वैद्यकीय अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरला ब्रिटनच्या सायंकाळी सहाला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला संपते. आम्ही एक गोष्ट विसरलो होतो: शाळेने दिलेले शिफारसपत्रही मागच्या वर्षीचेच होते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सरांच्या घरी जाऊन ते नव्याने लिहून घ्यावे लागले, आणि मुलीने आरोग्य केंद्रातले दिवस त्यांना पहिल्यांदा तेव्हा सांगितले.