ओडीई: सहा ओळींत लोलक

आमच्या फिजिक्स लॅबमधली निम्मी मशीन्स जुनी, दोन जीबी रॅमची. मागच्या वर्षी ऐन प्रॅक्टिकलच्या आठवड्यात एका विकतच्या गणिती सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलं आणि टी.वाय.ची मुलं बंद पडलेल्या सॉफ्टवेअरकडे बघत बसली. तेव्हापासून मी डिफरन्शियल इक्वेशन्स 'ओडीई'वर शिकवते. जीएनयू प्लॉटयुटिल्स या मोफत पॅकेजमधला, टर्मिनलवर चालणारा हा छोटासा प्रोग्रॅम. मूळ लेखक निकोलस तुफिलारो, आणि प्लॉटयुटिल्समध्ये तो आणला रॉबर्ट मायर यांनी. उबुंटूवर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल प्लॉटयुटिल्स' टाकलं की काम झालं. जुन्या मशीनवरही तो क्षणात चालू होतो.

यात मला सगळ्यात आवडतं ते हे की समीकरण वहीत लिहितो जवळजवळ तसंच फाइलमध्ये लिहायचं. एक मीटरचा लोलक घ्या. थीटा म्हणजे कोन, डब्ल्यू म्हणजे कोनीय वेग, आणि डॅश म्हणजे बदलाचा दर. थीटा-डॅश बरोबर डब्ल्यू, ही पहिली ओळ. डब्ल्यू-डॅश बरोबर उणे ९.८ गुणिले साइन थीटा, ही दुसरी. मग सुरुवातीचा कोन १.५७०८ रेडियन, म्हणजे ९० अंश, आणि सुरुवातीचा वेग शून्य. पाचवी ओळ 'प्रिंट', सहावी 'स्टेप': शून्यापासून १० सेकंदांपर्यंत, ०.००१ च्या पायरीने. बस्स.

स्क्रीनवर आकड्यांचा रकाना धावतो. मुलांना मी एवढंच सांगते, थीटाचं चिन्ह पहिल्यांदा कुठे बदलतं ते शोधा. ते बदलतं ०.५९२ आणि ०.५९३ सेकंदांच्या मध्ये. हा पाव झोका. चारने गुणलं की आवर्तकाल २.३६९ सेकंद. अकरावीपासून पाठ असलेल्या सूत्राने येतो २.००७. 'साइन थीटा बरोबर थीटा' ही सवलत ९० अंशांना चालत नाही हे मी फळ्यावर कितीही वर्षं सांगितलं असेल, पण त्या रकान्यावर बोट ठेवल्यावर जे कळतं ते वेगळंच.

पायरी दिली नाही तर ओडीई रुंगे-कुट्टा-फेलबर्ग या अचूक पद्धतीने चूक मोजत पायरी स्वतःच लहान-मोठी करतं. ऑयलरची साधी, ढोबळ पद्धतही आहे, आणि ती मी मुद्दाम वापरायला लावते. ०.१ ची पायरी दिली की ऊर्जा वाढत जाते आणि लोलक थोड्याच वेळात वरून पूर्ण गरगर फेऱ्या मारायला लागतो. पद्धत का निवडायची, याचं यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आलेख काढायला सोबतचा 'ग्राफ' प्रोग्रॅम पाईपने जोडायचा, म्हणजे ओडीईचे आकडे थेट त्याच्याकडे पाठवायचे. इथे मात्र सगळेच एकदा अडकतात. ग्राफ रकाने ओळखत नाही, आकडे दोन-दोन करून वाचत सुटतो. प्रिंटमध्ये वेळ, कोन आणि वेग असे तीन टाकले की पडद्यावर नुसता गुंता. आलेखासाठी दोनच छापायचे.

उणिवा आहेत. २.६ ही आवृत्ती २००९ सालची आहे आणि 'ग्राफ'चं रूप तेव्हाचंच वाटतं. सिंटॅक्सची चूक झाली तर निरोप इतका त्रोटक येतो की नवखं मूल गोंधळतं; गुणाकाराची चांदणी राहिली का, हे आधी बघायचं. आणि स्टिफ समीकरणांना, म्हणजे ज्यांत काही बदल फार झपाट्याने आणि काही फार संथ होतात त्यांना, हे हत्यार नाही. व्हॅन डर पोल या आंदोलकाच्या समीकरणात म्यू हा स्थिरांक १००० केला की पायऱ्या इतक्या बारीक होतात की वाट बघत बसावं लागतं. त्यासाठी मी ऑक्टेव्ह हे गणिती सॉफ्टवेअर उघडते, तेही मोफत आणि टर्मिनलवर चालणारं. त्यातलं 'एल-सोड' हे फंक्शन असली समीकरणं सहज पार करतं. पण ऑक्टेव्हमध्ये आधी फंक्शन कसं लिहायचं ते शिकवावं लागतं, त्यात अर्धा तास जातो. म्हणून पहिल्या प्रॅक्टिकलला ओडीईच. सहा ओळींची ती फाइल मुलं पेनड्राइव्हवर घरी नेतात आणि कोन बदलून बघतात. परवा एकीने १७९ अंश टाकून आणले होते, आणि तिला विचारायचं होतं की लोलक वर इतका वेळ का थांबतो.