गिअरबॉक्स उतरवायचा नव्हताच, उद्यमनगरच्या मामांनी हातानं प्ले (ढिलाई) शोधला

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवाल्यांच्या बोळात हे गॅरेज आहे, बोर्डवरची अक्षरं उन्हानं पार उडालीत त्यामुळे विचारत विचारतच जावं लागतं.

माझी २०१७ ची डिझेल सात सीटर, ऑटोमॅटिक, मागच्या चाकांना ड्राइव्ह, १ लाख ४२ हजार किमी झालेत. आर (रिव्हर्स) मधून डी (ड्राइव्ह) ला टाकली की खालून टक्, कागलच्या पुढं हायवेला ८० गाठलं की सीटखाली थरथर, आणि गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला तेल. दुसऱ्या एका ठिकाणी दोनदा ऑईल सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदललं, दोन महिन्यांत परत पार्किंगच्या फरशीवर लाल थेंब, मग मी खाली पुठ्ठाच अंथरायला लागलो. शेवटी ते म्हणाले बॉक्स ओव्हरहॉल करा, ८५ हजार. बायको म्हणाली त्यापेक्षा गाडीच विका.

इथल्या मामांनी आधी पाना हातात घेतलाच नाही. मागची चाकं वर उचलून घोडीवर, लिव्हर न्यूट्रलला. मी म्हटलं पी (पार्क) मधे ठेवू का, तर म्हणाले "नको, पी ला आत खटका दातात अडकतो, त्याची स्वतःचीच ढिलाई असती, तीच धरून बसलो की फसलो." मग मलाच खाली बोलावलं, बघा म्हणाले. शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, आणि योक म्हणजे त्याचं गिअरबॉक्समधे शिरणारं टोक. एक हात योकवर एक हात शाफ्टवर, उलटसुलट पिरगाळलं, क्रॉस (दोघांना जोडणारा सांधा) एकदम घट्ट. शाफ्ट पुढं-मागं ढकलला तर सरकला, मी लगेच "हाच ना प्ले?" तर हसायलाच लागले, अहो तो सरकायलाच पाहिजे, खड्ड्यात मागचा एक्सल वर-खाली होतो तेव्हा शाफ्टनं जायचं कुठं? मग योक खालून वर दाबला. टक्. सोडला, परत टक्, आणि सीलच्या कडेनं तेलाची बारीक रेघ सुटली, मी डोळ्यानं बघितली. हालचाल मोजायची डायल लावली तर काटा अर्धा मिलिमीटरच्या पुढं.

टेल हाउसिंगमधला, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाच्या कवचातला बुश (योकला धरणारी कडी) खाल्लेला. योक त्या बुशातच फिरतो, बुश गेला की योक डोलणार आणि सील एका बाजूनं झिजणार, मग सील कितीही बदला! एवढी साधी गोष्ट आधीच्यांना का दिसली नाही देव जाणे.

शाफ्ट काढायच्या आधी फ्लँजवर (शाफ्टच्या मागच्या जोडावर) पांढऱ्या रंगाची खूण केली, नाहीतर बॅलन्स बिघडतो म्हणे. जुना बुश पुलरनं ओढला, योकवर नख फिरवून बघितलं, चर पडली नव्हती म्हणून तोच ठेवला, नवीन बुश, नवीन सील, तेल गरम करून लेव्हल. बॉक्स जागचा हललाही नाही. सगळे मिळून ६४००.

थरथर गेली. टक् थोडा राहिलाय पण ते आधीच बोलले होते, मागच्या एक्सलच्या हाउसिंगमधे (डिफरन्शियलमधे) जरा ढिलाई आहे, एवढ्यात हात लावू नका.

आता तक्रार, फोन उचलतच नाहीत, अर्ध्या दिवसाचं काम म्हणून दोन दिवस गाडी ठेवली कारण बुश पुण्याहून यायचा होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि बसायला एक तेलकट टायर. अर्धा स्टार त्याचा कापला.

तीन हजार किमी झाले, पुठ्ठा अजून अंथरतोय सवयीनं, कोरडा आहे.