हँड ट्रॅकिंग चालू करायला आधी हात धुवा: एआर चष्मा, एका पावसाळ्याच्या वापरानंतर

परवाच्या अपडेटनंतर माझ्या एआर चष्म्यातलं (मोबाइलला केबलने जोडायचा, डोळ्यांसमोर स्क्रीन दाखवणारा चष्मा) हँड ट्रॅकिंग, म्हणजे कॅमेऱ्याने हातांच्या खुणा ओळखणं, पुन्हा बंद झालं, म्हणून आज लिहायला बसलो. स्क्रीन केवढी दिसते, वजन किती, रंग कसे, हे सगळं तुम्ही आधीच वाचलं असेल. मी फक्त हातांबद्दल लिहिणार, कारण चष्मा घेतला तो तेवढ्यासाठीच.

माझं रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ बोटींच्या इंजिनांचं गॅरेज आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे सगळ्या ट्रॉलरवाल्यांची इंजिनं एकाच वेळी कामाला येतात. हात कोपरापर्यंत ग्रीस नि डिझेलमध्ये आणि मॅन्युअल मोबाइलमध्ये. पान पुढे न्यायचं तर हात पुसा, बोटाचा ठसा लागत नाही म्हणून पिन टाका, पान बघा, परत हात बरबटवा. चार्जिंगच्या भोकात ग्रीस जाऊन एक मोबाइल कायमचा गेला. हवेत अंगठा नि तर्जनी जुळवून पान उलटणार असेल तर पैसे मोजायला मी तयार होतो. त्या पैशात नवा टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना) येऊन वर बरेच उरले असते, तरी घेतला.

हे फीचर मुळात बंद येतं. मोबाइलमधलं अ‍ॅप उघडा, कॅमेऱ्याची परवानगी द्या, सेटिंगमध्ये इनपुट, त्यात खाली हँड ट्रॅकिंग, ते चालू करा, चष्मा रीस्टार्ट. एकदाच करायचं असतं तर तक्रार नव्हती. पण केबल निसटली की बंद, मोबाइलची बॅटरी उतरून तो बंद पडला की बंद, अपडेट आलं की बंद. आणि परत चालू करायचं ते मोबाइलच्या स्क्रीनला बोट लावूनच. म्हणजे ज्याचे हात घाण आहेत त्याच्यासाठी केलेली सोय चालू करायला आधी साबणाने हात धुवायचे. बनवताना एकदा तरी कुणीतरी हा चष्मा कामावर घालून बघायला हवा होता. दुसऱ्यांना हे जमलेलं आहे. मेटाच्या क्वेस्ट हेडसेटवर हातातले कंट्रोलर खाली ठेवले की हात आपोआप चालू होतात. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ या हेडसेटमध्ये मनगटावर बोट टेकवलं की मेनू उघडतो, आणि ते २०१९ चं यंत्र. इथे एवढं का होऊ नये?

जूनमध्ये माझं मत फारच वाईट होतं. शेडमध्ये चष्मा दाखवतो तो हाताचा सांगाडा डोळ्यांसमोर नुसता थरथरायचा, चिमूट केली तर कधी दोन पानं पुढे, कधी काहीच नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला. पत्ता ऐकल्या ऐकल्या तिकडून उत्तर: समुद्राजवळच्या दमट हवेने कॅमेरे खराब झाले असणार, वॉरंटीत बसत नाही, तरी कुरिअरने पाठवा, तपासायचे पैसे वेगळे पडतील. चष्मा न बघता! मी पाठवला नाही, कारण तोच चष्मा दिवसा बोटीच्या डेकवर व्यवस्थित चालत होता. कॅमेरा खराब असता तर दोन्हीकडे बोंब असती. गडबड फक्त शेडच्या दिव्यांखाली होती.

कारण सेटिंगमध्येच सापडलं. चष्म्याचं रीजन अमेरिका होतं, आणि त्यामुळे कॅमेरे ६० हर्ट्झच्या विजेवर बसवलेले. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्यांची, आणि दर फेरीत दिवा दोनदा मंदावतो. आपल्याकडचे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. हिशोब ६० चा असेल तर एक फ्रेम उजळ, पुढची काळपट, आणि बोटांची पेरं शोधणारं सॉफ्टवेअर गोंधळतं. ५० केलं आणि त्याच संध्याकाळी थरथर थांबली. फोनवर हा एक प्रश्न विचारला असता तर माझा धंद्याचा महिना वाया गेला नसता.

त्यानंतर मात्र चष्म्याने पैसे वसूल करायला सुरुवात केली. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमाने आवळायचे असतात, तेही टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्याचा आकडा वेगळा. क्रम चुकला तर गॅस्केट (झाकणाखालची सील) जातं आणि बोट समुद्रात असताना तांडेलाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, फोन येतो. आता रेंच उजव्या हातात, क्रमाचं चित्र नजरेसमोर, एक टप्पा झाला की डाव्या हाताची चिमूट, पुढचा आकडा हजर. माझा पोऱ्या आधी लांबून बघायचा, आता म्हणतो, "दादा, आज मी घालू?"

हातमोज्यांचं मात्र सांभाळा. काळे नायट्राइल मोजे काळपट इंजिनासमोर याला दिसतच नाहीत. नारिंगी घेतले, काम झालं. नुसत्या ग्रीसच्या हातांना अडचण नाही, फक्त मागे उजळ काहीतरी हवं. हात रेंचच्या मागे लपला तर चिमूट कळत नाही, कारण अंगठ्याचं नि तर्जनीचं टोक कॅमेऱ्याला दिसलं तरच अंतर मोजता येतं. हात छातीसमोर आणायचा, जुळवायचा, सोडायचा. घाईने केलेली चिमूट बहुतेक वेळा फुकट जाते.

कॅमेरे सतत चालू राहतात म्हणून मोबाइलची बॅटरी भराभर उतरते, आणि चष्म्याला वीज मोबाइलकडूनच मिळते. चार्जिंगची वेगळी जागा असलेला जोड घेतला नाहीत तर दुपारी जेवणाच्या आधीच सगळं बंद. आणि बंद म्हणजे परत साबण, परत अ‍ॅप, परत तो टॉगल. कंपनीला मी तीन गोष्टी लिहून पाठवल्या आहेत: एकदा चालू केलेलं चालूच राहू दे, नाहीतर चष्म्याच्या दांडीवरच्या बटणाने चालू करता येऊ दे, आणि रीजन भारत निवडलं की ५० हर्ट्झ आपोआप येऊ दे. उत्तर म्हणून फक्त तक्रार क्रमांक आला आहे.