सेसना १५२ की टेक्नॅम पी-२००८ जेसी : शिकायला कोणतं?

बारामतीच्या धावपट्टीवर या दोन्ही विमानांवर विद्यार्थी उड्डाण शिकले आहेत. दोन्हींना दोनच आसनं, पंख डोक्यावर, तिसरं चाक नाकाखाली. फरक सुरू होतो तो इंजिनापासून.

सेसनाचं ११० अश्वशक्तीचं लायकमिंग ओ-२३५ इंजिन पंख्याला (प्रॉपेलरला) थेट फिरवतं, मिनिटाला २,५५० फेरे. टेक्नॅमचं रोटॅक्स ९१२-एस हे १०० अश्वशक्तीसाठी ५,८०० फेरे घेतं आणि २.४३:१ च्या गिअरबॉक्समधून पंखा फिरवतं. ताशी इंधन सेसनाला साधारण २२-२३ लिटर, रोटॅक्सला १८-२०. रोटॅक्सची खरी बचत मात्र गाडीच्या पेट्रोलवर, आणि त्यात इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं. आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं पेट्रोल आहे. ते या टाकीत घालायचं नाही. मग एव्हगॅस, म्हणजे विमानांचं शिसं घातलेलं पेट्रोल, आलं. त्यातल्या शिशाचा गाळ तेलात आणि गिअरबॉक्समध्ये साचतो, म्हणून तेल १०० ऐवजी ५० तासांनी बदलावं लागतं. २५ तासांनी बदललं तर उत्तम. युरोपातला गाडीच्या पेट्रोलवरचा खर्चाचा हिशेब इथे लावणारे नेमके यातच फसतात.

रोटॅक्सचं तेल मोजायची रीतही वेगळी. दोन्ही इग्निशन (ठिणगीच्या यंत्रणा) बंद करून पंखा हाताने, त्याच्या नेहमीच्याच दिशेने, तेलाच्या टाकीतून बुडबुड ऐकू येईपर्यंत फिरवायचा, मग डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढायची. हे टाळलं तर तेल कमी दिसतं आणि उगाच भर घातली जाते. उलटा फिरवला तर तेलाच्या वाटेत हवा शिरते. तेल ५० अंशांवर आल्याशिवाय पूर्ण ताकद द्यायची नाही. दोन कार्ब्युरेटर (इंधनात हवा मिसळणारे भाग) एकमेकांशी जुळलेले नसले तर आयडलला, म्हणजे इंजिन मंद फिरताना, विमान थरथरतं आणि मार गिअरबॉक्स खातो.

शिकवणीच्या दृष्टीने सेसनात मिक्स्चरची, म्हणजे इंधन-हवेचं मिश्रण हाताने जुळवायची, दांडी आहे. रोटॅक्समध्ये ती नाही, उंचीनुसार मिश्रण आपोआप जुळतं. सोयीचं खरं, पण पुढे सेसना १७२ या मोठ्या विमानावर गेल्यावर हात अडखळतो. त्याहून मोठा फरक स्पिनचा, म्हणजे विमान गिरक्या घेत खाली येण्याचा : फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) वर ठेवून १५२ मुद्दाम स्पिनमध्ये घालता येतं, टेक्नॅमला ती मनाई आहे. कमर्शियल (व्यावसायिक वैमानिकाच्या) परवान्याकडे जाणाऱ्याने एकदा तरी स्पिन अनुभवावा, त्यामुळे आमचं झुकतं माप १५२ ला.

वजनाचं गणित मात्र १५२ वर कडक आहे. कमाल ७५७ किलो. रिकामं विमान ५२५ किलोचं धरलं तर २३२ उरतात. ८५-८५ किलोचे दोघे बसले की इंधनाला ६२ किलो, म्हणजे सुमारे ८६ लिटर. टाकी पूर्ण भरता येत नाही, शिवाय खांद्याला खांदा घासतो. टेक्नॅमची केबिन ऐसपैस. पण तिथेही माहितीपत्रकातला आकडा न धरता त्याच विमानाचा वजन-तक्ता मागा.

१५२ चं उत्पादन १९८५ मध्ये थांबलं, त्यामुळे मिळेल ते जुनंच. आधी सीटचे रूळ तपासा : भोकं झिजली असतील तर टेकऑफला सीट मागे सरकते, आणि घाबरलेला विद्यार्थी हातातलं योकही (विमान वळवायचं चाक) सोबत ओढतो. मग फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) सुरकुत्या आहेत का ते बघा. नाकाच्या चाकावर आदळल्याची ती खूण. टेक्नॅममध्ये रबरी नळ्यांची तारीख पाहा. तास कमी भरले असले तरी त्या पाच वर्षांनी बदलाव्याच लागतात.