यूकेतली वार्षिक ट्रॅव्हल पॉलिसी ११ महिने वापरून: काश्मीरला चालली नाही, मस्कतला थोडीफार चालली

जानेवारी २०२५ मधे आम्ही चौघांसाठी वर्षभराची मल्टी-ट्रिप पॉलिसी घेतली. लीड्सला राहतो, दोन पोरं शाळेत, वर्षाकाठी एखादी भारतवारी आणि एखादी युरोपातली ट्रिप. १३८ पाउंड पडले. कंपनीचं नाव टाकत नाही कारण पुढे जे लिहितोय ते इथल्या बऱ्याच पॉलिसींमधे थोड्याफार फरकाने असतंच, आणि नाव टाकलं की सगळे नावावरच भांडत बसतात.

फेब्रुवारीत टेनेरीफला गेलो, कुणी आजारी पडलं नाही, बॅग हरवली नाही, त्यामुळे पॉलिसी कशी आहे ते कळलंच नाही. कळलं एप्रिलमधे. बाबांचा पुण्याहून फोन, "ईस्टरला येताच आहात तर काश्मीर करू, ट्युलिप असतात, आईचे गुडघे चालतायत तोवर." बायको खूश, पोरं खूश, बाबांनी सोसायटीतल्या दोन कुटुंबांना पण गोळा केलं. मला काय सुचलं कोण जाणे, एका रात्री झोप येत नव्हती म्हणून पॉलिसीची पीडीएफ उघडली, साठेक पानं असतील, आणि सुरुवातीलाच अपवादांच्या यादीत वाक्य सापडलं की ज्या ठिकाणी एफसीडीओने, म्हणजे इथल्या परराष्ट्र खात्याने, जाऊ नका म्हटलंय तिथे गेलात तर आम्ही काहीच देणार नाही.

मला वाटलं असेल कुठे सीरिया-बिरियासाठी. तरी सरकारच्या साइटवर भारताचं पान काढून बघितलं. तर जम्मू-काश्मीर अख्खं "ऑल ट्रॅव्हल" नको या यादीत! श्रीनगर, गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग, जम्मू-श्रीनगर हायवे, सगळी नावं लिहिलेली. सूट फक्त विमानाने जम्मू शहरात जा-ये करायला, जम्मू शहरात फिरायला आणि लडाखला. आणि हे काल-परवाचं नाही, कैक वर्षांपासून तसंच आहे. आपल्याकडचे लोक विमानं भरभरून जातायत, निम्मं फेसबुक शिकाऱ्यातल्या फोटोंचं, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा कळतंय.

एफसीडीओच्या इशाऱ्याच्या दोन पायऱ्या असतात, एक "जाऊच नका" आणि दुसरी "अगदी गरज असेल तरच जा". विम्याच्या दृष्टीने बहुतेक ठिकाणी दोन्ही सारख्याच. गरज म्हणजे काय ते सरकार तुमच्यावर सोडतं, पण क्लेमच्या वेळी कंपनी काय ठरवेल ते कंपनी. मणिपूरला दुसरी पायरी लावलेली आहे, इम्फाळ धरून. २०२० च्या १७ मार्चला तर ही दुसरी पायरी त्यांनी अख्ख्या जगालाच लावली होती.

आता माझा प्रश्न असा की माझा पासपोर्ट भारतीय, मी माझ्याच देशात फिरणार, मला ब्रिटिश सरकारचा सल्ला कशाला? हेल्पलाइनला हाच प्रश्न विचारला. पहिल्या मुलाला कळलाच नाही. दुसरीने नीट सांगितलं, पासपोर्ट कुठलाही असो, पॉलिसी यूकेत राहणाऱ्याला विकलीय, त्यात एफसीडीओ लिहिलंय, तर एफसीडीओच लागू. दिल्ली काय म्हणते याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही.

दुसरा प्रश्न विचारला तो जास्त महत्त्वाचा होता. दहशतवादाचं सोडा, पण गुलमर्गला बर्फात पाय घसरून हाड मोडलं तर? इशाऱ्याचा आणि त्या बर्फाचा काय संबंध? ती म्हणाली आमच्या पॉलिसीत संबंध बघत नाहीत, ठिकाण बघतात. काही कंपन्या संबंध नसेल तर देतात म्हणे, पण ते वर्डिंगमधे लिहिलेलं असावं लागतं, फोनवर कुणी "हो हो" म्हटलं त्याला अर्थ नाही. म्हणजे पुण्यात अपेंडिक्स फुटलं तर कव्हर, तेच श्रीनगरला फुटलं तर खिशातून. अशा ठिकाणांसाठी वेगळी स्पेशालिस्ट पॉलिसी मिळते, मी कोटेशन काढलं, आठवड्याभराचे पैसे आमच्या वर्षभराच्या प्रीमियमपेक्षा जास्त, बंद केलं पान.

बाबांना सांगितलं तर हसले. "अरे इथून रोज माणसं जातायत, तुझ्या सरकारला कसली भीती?" मी म्हटलं बाबा भीतीचा प्रश्न नाहीये, कागदाचा आहे. त्यावर आई मागून, "राहू दे हो, कागदाशिवाय त्याचं पान हलत नाही लहानपणापासून." शेवटी आई-बाबा सोसायटीवाल्यांबरोबर गेले, आम्ही चौघं चार दिवस गुहागरला जाऊन आलो. ते १७ एप्रिलला परत आले, ट्युलिपचे दोनशे फोटो. आम्ही २१ ला लीड्सला परत निघालो. २२ ला दुपारी ऑफिसात फोनवर पहलगामच्या हल्ल्याची बातमी आली. २६ माणसं, त्यात सहा आपल्या महाराष्ट्रातली. बाबांना फोन केला तर पाच मिनिटं दोघंही काही बोललो नाही. विमा वगैरे तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता, आणि मी बरोबर होतो असंही काही नाही, माझं कारण वेगळंच होतं.

मे महिन्यात मात्र या कागदाची दुसरी बाजू बघितली. इथल्या एका मित्राचं कुटुंब मे अखेरच्या सुट्टीत जयपूर-जोधपूर करणार होतं. भारत-पाकिस्तानची चकमक सुरू झाली आणि ७ तारखेनंतर उत्तर-पश्चिमेकडचे ३२ विमानतळ बंद झाले, जोधपूर त्यात, मग १२ ला परत उघडले. मित्राने ९ तारखेलाच घाबरून सगळं कॅन्सल केलं, कोण नाही करणार. क्लेम टाकला, नामंजूर. कारण एफसीडीओने मनाई केली होती ती सीमेलगतच्या पट्ट्याला, जयपूरला नाही, जोधपूर शहरालाही नाही, आणि त्याच्या सुट्टीपर्यंत विमानतळ चालू झालेले. यांच्या भाषेत याला "जाण्याची इच्छा नसणं" म्हणतात, ते कधीच कव्हर नसतं. म्हणजे इशारा असताना गेलात तरी पैसे नाहीत आणि इशारा नसताना नाही गेलात तरी नाहीत. आणि समजा इशारा आला असता तरी रद्द केल्याचे पैसे मिळतीलच असं नाही, बऱ्याच साध्या पॉलिसीत तो वेगळा ॲड-ऑन असतो, शिवाय बुकिंग आणि पॉलिसी दोन्ही इशाऱ्याच्या आधीचं लागतं. बातमी आल्यावर धावत जाऊन घेतलेल्या पॉलिसीचा त्या बातमीपुरता उपयोग शून्य. त्याने तिकीट-हॉटेल सुटंसुटं घेतलं होतं हे पण नडलं. इथल्या टूर कंपनीकडून पॅकेज असतं आणि तिथे जाऊ नका असं सरकारने म्हटलं असतं तर २०१८ च्या पॅकेज नियमांनी कंपनीकडूनच पैसे परत मागता आले असते, विम्याकडे जायची गरजच नाही.

(अमृतसरला जाणाऱ्यांसाठी: शहर सीमेपासून साधारण ३० किलोमीटरवर, म्हणजे पट्ट्याबाहेर. अटारीची परेड बघायला जाणार असाल तर त्या दिवशीचं पान वाचूनच रिक्षा ठरवा.)

माझा स्वतःचा क्लेम जूनमधला. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन, मी एकटाच गेलो होतो, परत येताना मुंबई-दोहा-मँचेस्टर, तारीख २३ जून. ज्यांना आठवतंय त्यांना आठवेल, त्या संध्याकाळी इराणने कतारमधल्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं सोडली आणि कतारने हवाई हद्द बंद केली. आम्हाला मस्कतला उतरवलं. रात्रभर खुर्च्यांवर, शेजारी सांगलीचे एक काका, त्यांच्याकडे चितळेंच्या बाकरवडीचं पाकीट होतं म्हणून निभावलं. मी मात्र फोनवर एकच गोष्ट शोधत होतो, कतारला "जाऊ नका" लावलंय का. नव्हतं लावलं, तिथल्या ब्रिटिश लोकांना घरात थांबा एवढंच सांगितलं होतं. आमच्या पॉलिसीत असंही आहे की तुम्ही आधीच निघालेले असताना इशारा बदलला तर कव्हर चालू राहतं, फक्त निघा म्हटलं की निघायचं, हट्टाने बसायचं नाही. हे वाक्य तुमच्यात आहे का ते जरूर बघा.

घरी पोचलो ३४ तास उशिरा. क्लेम टाकला, पहिलं उत्तर आलं युद्धाचा अपवाद, नाही मिळणार. मी परत लिहिलं की तो अपवाद तुमच्याच कागदात दुसऱ्या विभागाला लावलाय, उशिराच्या विभागात हवाई हद्द बंद होणं हे कारण म्हणून छापलंय, पान नंबर दिला, एअरलाइनचं पत्र जोडलं. सात आठवड्यांनी ५० पाउंड आले. दर बारा तासांना २५, दोनदा. मस्कतच्या कॉफीचे निघाले.

बाकी किरकोळ. एका ट्रिपला ३१ दिवसांची मर्यादा आहे, उन्हाळ्यात पोरांना घेऊन सहा आठवडे आजीकडे जाणाऱ्यांनी हे आधी बघा, ३२ व्या दिवशी तुम्ही उघड्यावर. ॲप बरं आहे. वैद्यकीय हेल्पलाइन रात्री पण उचलतात. एफसीडीओच्या भारताच्या पानाचे ईमेल अलर्ट मी लावून ठेवलेत, फुकट आहेत, पुण्याला निघायच्या सकाळी ते पान पीडीएफ करून ठेवतो, तारखेसकट. बायको हसते.

आता रिन्यूअल आलंय, १६१ पाउंड. ऑटो-रिन्यू बंद केलं आणि तीन कंपन्यांना फोन करून गुलमर्गच्या पायाचाच प्रश्न विचारला. दोघींनी होल्डवर टाकलं. तिसरीने विचारलं, गुलमर्ग हे नेपाळमधे येतं का.