जुन्या गाडीवर खर्च करावा की ती बदलावी? एका स्वतंत्र तपासणी सेवेचे परीक्षण

घरातील जुन्या गाडीचे मोठे काम निघते तेव्हा सल्ला देणारे बहुधा दोघेच असतात: दुरुस्तीवर ज्याचे पोट चालते तो गॅरेजवाला आणि नव्या गाडीच्या विक्रीवर ज्याची मिळकत अवलंबून असते तो विक्रेता. दोघेही सचोटीचे असले, तरी आपल्या निर्णयात दोघांचाही हितसंबंध गुंतलेला असतो, आणि म्हणून त्यांच्या मतावर पूर्ण भार टाकणे अवघड जाते. स्वतः दुरुस्ती न करणारी, गाडी विकतही न घेणारी आणि केवळ तपासून लेखी अहवाल देणारी सेवा आम्ही याच कारणासाठी घेतली. पैसे सार्थकी लागले, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र अहवालात दोन उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत.

आमची गाडी पेट्रोलवर चालणारी, पंधरा वर्षांहून जुनी आणि दोन लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडलेली आहे. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, हळूहळू कमी होत होते, सकाळी इंजिन थरथरत सुरू होत होते, इंजिनाचा इशारा देणारा दिवा विझत नव्हता आणि खड्ड्यातून जाताना पुढून ठोका ऐकू येत होता. एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडून पाहताच हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा व खालचा भाग यांमधले सील) गेले असून इंजिन पूर्ण उघडावे लागेल, त्यापेक्षा गाडी विकून टाका, असे सांगण्यात आले. सांगितलेला खर्च गाडीला बाजारात मिळू शकणाऱ्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होता.

तपासणी सेवेची पहिली अट मला फार आवडली: गाडी रात्रभर बंद ठेवून, इंजिन पूर्ण थंड असताना त्यांच्या माणसाने ती पाहायची. गरम इंजिन अनेक दोष झाकून ठेवते. थंड इंजिन सुरू होतानाच सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळत आहे, आणि इंजिन तापल्यावरही गोडसर वासाचा दाट पांढरा धूर थांबला नाही तर कूलंट आत जात आहे, असे समजते. आमच्या गाडीत यांपैकी काहीच दिसले नाही. त्याआधी तंत्रज्ञाने रेडिएटरला हातपंप जोडून कूलंटच्या मार्गात दाब भरून ठेवला होता. काही वेळाने दाब उतरला आणि वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून थेंब ओघळताना आम्हाला प्रत्यक्ष दाखवण्यात आला. पंपाचे आतले सील झिजले की कूलंट याच छिद्रातून बाहेर येते.

तरीही हेड गॅस्केट निर्दोष आहे असे त्यांनी एवढ्यावरून गृहीत धरले नाही, आणि या सेवेचा दर्जा मला इथे कळला. इंजिन तापल्यावर त्यांनी कूलंटच्या टाकीतील हवा एका निळ्या द्रावणातून ओढून पाहिली. जळलेला वायू गॅस्केट ओलांडून कूलंटमध्ये येत असेल, तर हे द्रावण पिवळे पडते; आमच्या बाबतीत ते निळेच राहिले. मग स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे त्यात तयार होणारा दाब, मोजले. सर्व आकडे अहवालात नोंदवले आहेत आणि त्यांतील फरक दहा टक्क्यांच्या आत आहे. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी भरला असता तर त्यात थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजले असते, असे तंत्रज्ञाने समजावून सांगितले. दाब वाढला तर झिजलेल्या पिस्टन रिंगांचा संशय, न वाढला तर व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा.

थरथरीचे कारणही याच काटेकोरपणे शोधले गेले. गाडीच्या संगणकातील दोषांच्या नोंदी वाचणाऱ्या ओबीडी स्कॅनरने पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत असल्याचा, म्हणजे इंधन नीट पेट घेत नसल्याचा, पी ०३०१ हा कोड दाखवला. कोड दोषाची जागा सांगतो, कारण सांगत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी कोड वाचून सरळ सुटे भाग बदलण्यास सुरुवात होते. इथे पहिल्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची पहिल्यावर बसवून पाहिली. कोड बदलून पी ०३०३ झाला, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला. इंजिन उघडण्याचा सल्ला मिळालेल्या गाडीला प्रत्यक्षात एक वॉटर पंप आणि एक कॉइल हवी होती. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर) चालणारा असल्याने दोन्ही एकाच वेळी बदलावेत, अशी सूचना त्यांनी केली आणि ती रास्त आहे, कारण मजुरीचा मोठा भाग तिथपर्यंत पोहोचण्यातच जातो. शिवाय आमच्यासारख्या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि मग खरोखरच इंजिनाचे काम निघते.

अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग मात्र गाडीच्या खालच्या बाजूविषयीचा आहे. गाडी रॅम्पवर चढवून दरवाजांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, सस्पेन्शनचे टेकू आणि सबफ्रेमची (सस्पेन्शन पेलणाऱ्या खालच्या सांगाड्याची) जोडणी हातोडीने हलके ठोकून व स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून तपासण्यात आली. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच हे भाग बदलता येतात. ज्या पत्र्यावर सस्पेन्शन आणि सीटबेल्ट बांधलेले असतात तो आतून खाल्ला गेला असेल, तर वर कितीही खर्च केला तरी गाडी अपघातात टिकाव धरणार नाही. दुरुस्ती की बदल या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच बॉनेटखाली कमी आणि गाडीच्या तळाशी अधिक सापडते. आमच्या गाडीत मागच्या सबफ्रेमच्या जोडणीपाशी वरवरचा गंज आढळला, पण पत्रा भक्कम होता. एका ठिकाणी जुना काळा लेप जाड होता. लेपाखाली ओल धरून गंज वाढू शकतो, म्हणून तेवढ्या जागेबद्दल मत देण्यास त्यांनी नकार दिला आणि तसे अहवालात लिहिले. हा नकार मला त्यांच्या कौशल्याइतकाच विश्वासार्ह वाटला. ब्रेकच्या धातूच्या नळ्या गंजून पापुद्रे सुटू लागले होते. त्या बदलेपर्यंत गाडी चालवू नये, अशी सूचना पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होती. पुढचा ठोका लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या, झिजलेल्या रबरी बुशांचा निघाला.

अहवालात कामांची वर्गवारी तीन गटांत आहे: तातडीची, वर्षभरात करावयाची आणि केवळ लक्ष ठेवण्याची. शेवटी हिशेबाचा एक तक्ता दिलेला असून त्याची मांडणी मला पटली. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की गाडी काढावी, हा सर्वत्र ऐकू येणारा ठोकताळा मला अपुरा वाटतो. बाजारभाव म्हणजे परका माणूस आपल्या गाडीला काय देईल तो आकडा. घरच्या माणसांना पुढची काही वर्षे सुरक्षित प्रवास करण्यासाठी काय मोजावे लागेल, हे त्यातून कळत नाही. तक्त्यात दुरुस्तीचा खर्च त्यातून मिळणाऱ्या अपेक्षित वर्षांनी भागला आहे आणि शेजारी नव्या गाडीची वर्षागणिक घसरणारी किंमत, कर्जाचे व्याज व वाढीव विमा मांडला आहे. इंधनाची बचतही त्यात धरलेली आहे, पण फुगवलेली नाही. लिटरला १२ किलोमीटर जाणाऱ्या गाडीऐवजी १८ किलोमीटर जाणारी घेतली आणि वर्षाचा प्रवास ९,००० किलोमीटर असला, तर ७५० लिटरऐवजी ५०० लिटर पेट्रोल लागते. वाचलेल्या २५० लिटरची किंमत नव्या गाडीच्या हप्त्यांसमोर ठेवून पाहिली, की केवळ ॲव्हरेजसाठी गाडी बदलण्याचा युक्तिवाद फारसा उरत नाही.

आता उणिवा. गाडी जशी बनली तशी ती आज किती चांगली आहे, हे अहवाल सांगतो. पण ती मुळात किती सुरक्षित बनली होती, याचा विचारच त्यात नाही. घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी यंत्रणा १९९५ मध्ये बाजारातील गाड्यांत आली, परंतु साध्या कौटुंबिक गाड्यांपर्यंत पोहोचायला तिला पुष्कळ वर्षे लागली, आणि आमच्या गाडीत ती नाही. मागच्या मधल्या आसनाला केवळ कमरेचा पट्टा आहे. या गोष्टी कोणत्याही दुरुस्तीने मिळत नाहीत. घरात नुकतेच गाडी शिकलेले कोणी असेल किंवा मुलांना घेऊन महामार्गावर नेहमी जावे लागत असेल, तर उत्तम स्थितीतील जुनी गाडीही बदलणे योग्य ठरू शकते, आणि हे सांगणे अशा सेवेचे कर्तव्य आहे असे मी मानतो.

दुसरी उणीव अधिक खटकणारी आहे, कारण ती सहज टाळता आली असती. चासी क्रमांकावरून गाडी उत्पादकाने दुरुस्तीसाठी परत बोलावली आहे का, हे त्यांनी पाहिलेच नाही. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधील अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडते व एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात, हे उघड झाल्यानंतर जगभरातील कोट्यवधी गाड्या परत बोलावाव्या लागल्या. धोका गाडीच्या वयाबरोबर वाढणारा आहे, म्हणजे नेमका अशा तपासणीला येणाऱ्या गाड्यांचा. उत्पादकाकडे चासी क्रमांक देऊन ही चौकशी मी स्वतः केली. त्याला काही मिनिटे लागतात. टायरपुढे केवळ ‘ठीक’ असा शेरा आहे, तिथे खाचांची खोली मिलिमीटरमध्ये आणि बाजूवर छापलेला, टायर बनल्याचा आठवडा-वर्ष सांगणारा चार आकडी कोड नोंदवायला हवा होता.

शुल्क साधारण वार्षिक सर्व्हिसिंगइतके आहे आणि वाचलेल्या खर्चापुढे ते अल्प आहे. ज्यांच्या गाडीच्या तळाला डोळ्यांना दिसणारी भोके आहेत, जी गाडी पुराच्या पाण्यात बुडाली आहे किंवा कुटुंब वाढल्यामुळे जी आता पुरतच नाही, त्यांनी मात्र या तपासणीवर पैसे घालू नयेत. त्यांचा निर्णय झालेलाच आहे. ज्यांना दुरुस्तीचा मोठा आकडा ऐकवला गेला, पण मोजमाप एकही दाखवले गेले नाही, त्यांच्यासाठी ही सेवा आहे.

आम्ही ब्रेकच्या नळ्या, वॉटर पंप व टायमिंग बेल्ट, कॉइल आणि बुश एवढी कामे दुसऱ्या गॅरेजमध्ये करून घेतली आणि गाडी ठेवली. सबफ्रेमची जोडणी वर्षभराने पुन्हा रॅम्पवर तपासायची आहे. तिथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक पत्र्यात रुतले, तर इंजिन कितीही चांगले चालत असले तरी या गाडीवर पुढे खर्च करायचा नाही, असे घरात सर्वांनी आताच ठरवले आहे.