घरी तपासणीचं किट की डॉक्टरांशी बोलणं?

पोरगा खोलीचं दार लावून बसतो, डोळे लाल दिसतात. खानापूर-निपाणीकडचे काही आईबाप मग नशेच्या संशयाने लघवी तपासायचं किट आणतात. पट्टीवर गांजा कळतो. पण रोज ओढणाऱ्याचा सोडल्यावरही कित्येक दिवस दिसत राहतो, आणि व्हाइटनर हुंगणारा तर साफ सुटतो. शिवाय बाथरूमच्या दाराशी बाप पहाऱ्याला उभा, म्हणजे घरातलं बोलणंच संपलं. हे माझ्या मनाला फार लागतं.

त्यापेक्षा आधी १४४४६ ला फोन लावा: व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत. धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत मानसोपचारतज्ज्ञ आहेत; बेळगावहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. किट लागलंच, तर डॉक्टरांनी सांगितल्यावर आणि पोराला आधी कल्पना देऊन.